शून्याच्या दिशेने : मिनेसोटाचा रस्ते सुरक्षा आराखडा आणि आपण



१ ऑगस्ट २००७ ची संध्याकाळ इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच. मिनिआपोलिसमधला आय-३५डब्ल्यूचा पूल ऐन गर्दीच्या वेळी मिसिसिपी नदीत कोसळला. १३ माणसे गेली, १४५ जखमी झाली. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून रात्रभर फोन येत राहिले, "तुम्ही सगळे ठीक आहात ना?" पुढे चौकशा झाल्या, देशभरातले पूल तपासले गेले आणि १८ सप्टेंबर २००८ ला नवा पूल वाहतुकीला खुला झाला.

त्याच २००७ सालात मिनेसोटाच्या रस्त्यांवर अपघातात एकूण ५१० माणसे दगावली. ती एकेक, दोनदोन करून गेली. कोणी शेतांमधल्या वळणावर गेले, कोणी हायवेच्या चौकात, तर कोणी घराजवळचा रस्ता ओलांडताना. त्यासाठी भारतातून कोणाचा फोन आला नाही, कारण तिथे बातमीच पोचली नाही. इथेही ती स्थानिक पेपरात चार ओळींची असते.

या चार ओळींच्या बातम्या एकत्र वाचायचे काम राज्य सरकार करते, आणि त्यातून एक आराखडा तयार होतो. तो कसा होतो, त्यातून रस्त्यावर नेमके काय बदलते आणि आपल्या मराठी कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध, हे या लेखात सांगायचा विचार आहे. विषय रुक्ष वाटेल खरा, पण ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे मूल लायसन्सच्या मागे लागले आहे किंवा ज्यांचे आई-वडील उन्हाळ्यात यायचे आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

आराखड्याचा जन्म

२००३ साली मिनेसोटात रस्त्यांवर ६५५ बळी गेले. त्याच वर्षी राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा, वाहतूक आणि आरोग्य या तीन खात्यांनी मिळून 'टुवर्ड झिरो डेथ्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना मूळची स्वीडनची. तिथल्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झिरो' हे धोरण मंजूर केले होते. त्यामागचा विचार असा, की माणूस चुका करणारच. डुलकी लागेल, लक्ष विचलित होईल, अंदाज चुकेल. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, इतपत काळजी रस्ता, गाडी आणि वेगमर्यादा ठरवणाऱ्यांनी घ्यायची.

आपल्याला हे पचायला जरा जड जाते. अपघात झाला की आपला पहिला प्रश्न "चूक कोणाची?" हाच असतो. विमा कंपनीला आणि कोर्टाला तो प्रश्न पडणे ठीक आहे. आराखडा करणारे मात्र वेगळा प्रश्न विचारतात : ही चूक झाली तेव्हा माणूस वाचला का नाही? गाडी रस्ता सोडून खाली गेली ती ड्रायव्हरच्या चुकीने, मान्य. पण खाली उतार होता की खोल चर? झाड किती अंतरावर होते? बेल्ट होता का? अँब्युलन्स किती वेळात आली?

म्हणून या कामात चार बाजू धरल्या आहेत : लोकशिक्षण, कायद्याची अंमलबजावणी, अभियांत्रिकी आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा. चारही शब्द इंग्रजीत 'ई'ने सुरू होतात, म्हणून इथले लोक त्यांना 'फोर ईज' म्हणतात. ऐकायला सरकारी घोषणेसारखे वाटते, पण यातली खरी नवलाई म्हणजे ही माणसे एका टेबलाभोवती बसली. पोलीस, इंजिनियर आणि डॉक्टर यांची खाती वेगळी, बजेट वेगळे, भाषाही वेगळी. इंजिनियरला वाटते पोलिसांनी वेग आवरावा, पोलिसांना वाटते रस्ताच चुकीचा बांधलाय. आता राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागात ही मंडळी एकत्र बसतात आणि तिथल्या अपघातांचा हिशेब मांडतात.

१० ऑगस्ट २००५ ला केंद्राचा नवा वाहतूक कायदा आला आणि प्रत्येक राज्याला असा आराखडा करणे भाग पडले. त्याला 'स्ट्रॅटेजिक हायवे सेफ्टी प्लॅन' म्हणतात. आकडेवारीवर आधारलेला आराखडा नसेल तर रस्ते सुरक्षेचा केंद्रीय निधी वापरण्यात अडचण. या निधीतल्या बहुतेक कामांचा नव्वद टक्के खर्च केंद्र उचलते, म्हणजे राज्यांना ऐकावेच लागते. मिनेसोटाचा पहिला आराखडा त्याआधीच, २००४ मध्ये, तयार झालेला होता. पहिले ध्येयही शून्याचे नव्हते. २००८ पर्यंत बळी ५०० च्या आत आणायचे, एवढेच ते होते. २००८ ला आकडा आला ४५५.

माणसे मरतात कुठे?

इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला बर्फाची भीती असते. पहिल्या हिवाळ्यात गाडी घसरल्याची गोष्ट प्रत्येक घरात आहे आणि दर पॉटलकला ती थोडी वाढवून सांगितली जाते! पण आकडे उलटेच बोलतात. हिवाळ्यात अपघात भरपूर होतात, बंपर चेपतात, गाड्या चरात जातात. पण सगळेच हळू चालवत असल्यामुळे जीव त्या मानाने कमी जातात. सर्वात जास्त जीव जातात ते छान उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर, मेमोरियल डे ते लेबर डेच्या दरम्यान. हे शंभर दिवस वर्षातले सर्वात घातक म्हणून इथे ओळखले जातात. नेमके त्याच दिवसांत आपण पाहुण्यांना घेऊन डुलुथला, नॉर्थ शोअरला निघतो.

दुसरा समज असा, की धोका शहरातल्या गर्दीत आणि मोठ्या फ्रीवेवर. प्रत्यक्षात राज्यातले निम्म्याहून जास्त बळी ग्रामीण भागात जातात. तिथे दोन पदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही, कडेला दिवे नाहीत आणि वेग मात्र ताशी ५५ मैलांचा.

आता प्लॅनिंगची खरी गंमत इथे आहे. अपघात झाला की त्या जागी पाटी लावायची, चौक दुरुस्त करायचा, ही सर्वांना सुचणारी पद्धत. शहरात ती चालते, कारण तिथे त्याच चौकात पुन्हा पुन्हा अपघात होतात. खेडोपाडी मात्र जीवघेणे अपघात इतके विखुरलेले असतात की यंदा ज्या वळणावर झाला तिथे पुढची वीस वर्षे होणार नाही, आणि पुढच्या वर्षी जिथे होईल तिथे आजवर काहीच झालेले नाही. मग पैसा घालायचा कुठे?

मिनेसोटाने त्यावर एक उपाय शोधला, आणि आमच्या मते या राज्याने केलेल्या कामातला तो सर्वात हुशारीचा भाग आहे. अपघाताच्या जागांऐवजी त्या जागांचे गुण पाहायचे. जिथे जीव गेले ती वळणे कशी होती? वळणाची त्रिज्या किती? तिथे दुसरा रस्ता येऊन मिळतो का? वाहतूक साधारण किती? आणि एक मोठा मजेदार मुद्दा : डोळ्यांची फसगत होते का? म्हणजे रस्ता डावीकडे वळतो, पण समोर झाडांची रांग, विजेचे खांब किंवा एखादी कच्ची वाट सरळ पुढे जाते. रात्री ड्रायव्हरला वाटते, रस्ता सरळच आहे. असे गुण असलेली वळणे, चौक आणि रस्त्याचे तुकडे सगळ्या राज्यात शोधून त्यांना धोक्याप्रमाणे क्रम द्यायचा, आणि अपघात होण्याची वाट न बघता आधीच उपाय करायचा.

राज्यातल्या ८७ च्या ८७ काउंटींसाठी अशा याद्या तयार झाल्या. ज्या लहान काउंटीत सगळ्या रस्त्यांचा भार एकाच इंजिनियरवर असतो, तिच्याही हातात आता तयार कागद आला, की या वळणांवर बाणांच्या पाट्या लावा, या रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ जाड करा, या चौकात दिवा बसवा. निधीसाठी अर्ज करायला तेवढे पुरे होते.

उपाय बहुतेक स्वस्त आहेत. रस्त्याच्या कडेला किंवा मधोमध कोरलेल्या खाचा तुम्ही अनुभवल्या असतील. चाक त्यावर गेले की गाडी घर्रर्र करून थरथरते आणि डुलकी उडते. त्यांना रंबल स्ट्रिप म्हणतात. त्यावर कडेच्या घरांतून तक्रारी आल्या, की रात्री-अपरात्री आवाजाने झोपमोड होते. तेव्हा खाचांचा आकार लाटेसारखा गोलसर करून पाहिला. गाडीत थरथर तेवढीच, बाहेर आवाज कमी. योजना कागदावरून रस्त्यावर आली की अशा शंभर गोष्टी निस्तराव्या लागतात.

फ्रीवेच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात खांबांना ताणून बांधलेल्या पोलादी तारा दिसतात, त्याही याच आराखड्यातून आल्या. गाडी घसरून समोरच्या बाजूच्या वाहतुकीत गेली तर ताशी ७० मैलांची समोरासमोर टक्कर, त्यातून वाचणे कठीण. तारा गाडीला झेलतात. गाडीचे नुकसान होते, तारा पुन्हा ताणायला खर्च येतो, पण आतली माणसे बहुधा चालत बाहेर येतात.

उजवीकडे जाऊन डावीकडे वळा!

गेल्या वर्षी आपल्या एका जेवणात यावरून चांगलाच वाद रंगला होता. चार पदरी हायवेला एक लहान रस्ता येऊन मिळतो. पूर्वी स्टॉप साइनपाशी थांबून, दोन्हीकडे बघून, सरळ पलीकडे किंवा डावीकडे जाता यायचे. आता तिथे दुभाजक घालून वाट बंद केली आहे. आधी उजवीकडे वळायचे, थोडे पुढे जायचे, तिथे यू-टर्न घ्यायचा आणि मग हव्या त्या दिशेला लागायचे. याला जे-टर्न म्हणतात. "डावीकडे जायला उजवीकडे पाठवतात, हे काय खूळ?" असा एकंदर सूर होता.

त्याचे उत्तर असे. जुन्या पद्धतीत ड्रायव्हरला चार लेन एकाच वेळी जोखाव्या लागतात : डावीकडून येणाऱ्या दोन आणि उजवीकडून येणाऱ्या दोन. ताशी ६५ मैलांनी येणाऱ्या गाडीचे अंतर कोणालाच नीट कळत नाही, आणि वयस्कर माणसाला तर नाहीच. अंदाज चुकला तर धडक बसते ती दाराच्या बाजूने, जिथे माणूस आणि पत्रा यांच्यात काही इंचच असतात. जे-टर्नमध्ये एका वेळी एकाच बाजूची वाहतूक पाहायची असते आणि ती आडवी धडक जवळपास संपते. केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांप्रमाणे, स्टॉप साइनच्या चौकाचा जे-टर्न केल्यावर जीवघेणे आणि जखमांचे अपघात ५४ टक्क्यांनी कमी होतात. तशाच चौकात राउंडअबाउट केल्यास ८२ टक्क्यांनी, आणि सिग्नल काढून राउंडअबाउट केल्यास ७८ टक्क्यांनी. नाशिक-पुण्याच्या 'सर्कल'ची सवय असलेल्यांना राउंडअबाउटचे नवल नाही. फरक इतकाच, की इथे आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे असते आणि लोक खरोखर जाऊ देतात.

मिनिटभर जास्त लागतो, हे खरे आहे. मात्र वाद घालणाऱ्यांपैकी एकाने नंतर कबूल केले, की त्याच चौकात पूर्वी त्यांच्या पत्नीने दोनदा श्वास रोखून गाडी पलीकडे काढली होती.

कायदे, आणि त्यांना लागणारा वेळ

आराखड्यात इंजिनियर लिहितात ते बरेचसे होते, कारण त्याला फक्त पैसा लागतो. जिथे कायदा लागतो तिथे वर्षे जातात. दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८ करायला मिनेसोटा पन्नास राज्यांत सर्वात शेवटचे! केंद्राने निधी कापायचा धाक घातला, तेव्हा ऑगस्ट २००५ मध्ये ती लागू झाली. सीट बेल्टचा कायदा आधीपासून होता, पण केवळ बेल्ट नाही म्हणून पोलीस गाडी थांबवू शकत नसत, दुसरे काही कारण लागे. जून २००९ पासून तेवढे एक कारण पुरते, आणि तो नियम मागच्या सीटवर बसलेल्यांनाही लागू आहे. हातात फोन धरून गाडी चालवायला बंदी आली १ ऑगस्ट २०१९ ला.

कॅमेऱ्यांची गोष्ट आणखी लांब. मिनिआपोलिसने २००५ मध्ये लाल दिवा तोडणाऱ्यांसाठी कॅमेरे लावले. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण शहराचा हा नियम राज्याच्या कायद्याशी विसंगत होता. त्यानंतर थेट २०२४ मध्ये विधिमंडळाने मिनिआपोलिस आणि मेंडोटा हाइट्स या दोन शहरांना प्रयोग म्हणून वेगाचे कॅमेरे लावायला परवानगी दिली, तीही २०२९ पर्यंतच. वेगमर्यादेचेही तसेच. शहरांना स्वतःच्या रस्त्यांची मर्यादा ठरवायची मुभा २०१९ च्या कायद्याने मिळाली आणि २०२० मध्ये मिनिआपोलिस व सेंट पॉलने वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल केले.

वीस मैल म्हणजे बैलगाडी, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी एएए फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासातले आकडे : गाडी ताशी २३ मैलांनी पादचाऱ्याला धडकली तर मृत्यूची शक्यता १० टक्के, ३२ मैलांना २५ टक्के आणि ४२ मैलांना ५० टक्के. हे सरासरी माणसाचे आकडे आहेत. सत्तरीच्या माणसासाठी ते याहून वाईट आहेत.

आकडा पुन्हा वर गेला

२००३ चे ६५५ बळी घटत घटत २०१४ मध्ये ३६१ वर आले. अकरा वर्षांत वाहने वाढली, वस्ती वाढली, तरी बळी जवळजवळ निम्म्यावर आले. त्यात गाड्यांमधल्या एअरबॅग आणि इतर सुधारणांचा वाटा आहे, सगळे श्रेय आराखड्याला देता येणार नाही. पुढची काही वर्षे आकडा साडेतीनशे ते चारशेच्या आसपास घुटमळला. मग २०२० मध्ये कोविड आला. रस्ते रिकामे झाले, तेव्हा बळी कमी व्हायला हवे होते. झाले उलटे. रिकाम्या रस्त्यांवर लोक बेफाम गाडी हाकू लागले, आणि गर्दी परत आली तरी ती सवय गेली नाही. २०२० मध्ये ३९४ आणि २०२१ मध्ये ४८८, म्हणजे २००७ नंतरचा सर्वात मोठा आकडा.

२०२० ते २०२४ च्या आराखड्यात ध्येय लिहिले होते : २०२५ पर्यंत बळी २२५ च्या आत. २०२४ संपले तेव्हाही आकडा चारशेच्या वरच होता. म्हणजे ध्येय नुसते हुकले नाही, फार दूर राहिले. मग शून्य शून्य म्हणण्यात काय अर्थ, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. आम्हालाही शून्य हा आकडा कधी दिसेल असे वाटत नाही. पण दुसरा कोणता आकडा लिहायचा? दोनशे लिहिले तर ते दोनशे कोणाच्या घरचे? २०२३ मध्ये विधिमंडळाने वाहतूक सुरक्षेसाठी कायमची सल्लागार परिषद नेमली, ती या घसरणीनंतरच.

ता. क. म्हणून महाराष्ट्राचाही हिशेब सांगायला हवा, कारण दर सुट्टीत आपण तिथल्या रस्त्यांवर असतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसे गेली, मिनेसोटात ४४४. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर तिथे लाखामागे सुमारे १२ आणि इथे सुमारे ८. इथे जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस रोज मैलोगणिक गाडी चालवतो, हे लक्षात घेतले तर फरक दिसतो त्याहून मोठा आहे. पण तिथेही ही पद्धत लागू पडते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ बळी गेले होते. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशनने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांबरोबर तिथे शून्य बळींचा प्रकल्प हाती घेतला. धोक्याच्या जागा शोधून तिथे कठडे बसवले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांकडे लक्ष दिले, जखमींपर्यंत लवकर पोचायची सोय केली. २०१९ मध्ये बळी ९२ होते. माणसे तीच, घाटही तोच.

आपल्या घरापुरते

आई-बाबा येतात तेव्हा मागच्या सीटवर बसतात. बेल्ट लावा म्हटले की "अरे, मागे कशाला?", "साडी चुरगळते", "पाच मिनिटांवर तर देऊळ आहे" हे ठरलेले. भारतात मागचा बेल्ट लावायची सवय नसल्याने त्यात त्यांचा दोष नाही. पण मागे बेल्ट न लावलेला माणूस टक्कर होताच पुढच्या सीटवर आदळतो, तेव्हा तो स्वतः तर जखमी होतोच, पुढे बसलेल्या मुला-सुनेलाही मारतो. हे एकदा सांगितले की आई मुकाट्याने बेल्ट लावते, असा आमचा अनुभव आहे. स्वतःसाठी नाही लावणार, मुलासाठी लावेल!

नातवंडांच्या सीटचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले आहेत. मूल किमान दोन वर्षांचे होईपर्यंत मागे तोंड केलेली सीट, चार वर्षांपर्यंत पट्ट्यांची सीट, नवव्या वर्षापर्यंत किंवा उंचीने मोठे होईपर्यंत बूस्टर, आणि तेरा वर्षांखालचे मूल शक्यतो मागेच. मोठ्या भावाची जुनी सीट धाकट्याला वापरणार असाल तर तिच्यावरची मुदतीची तारीख बघा.

लायसन्सच्या उमेदवारांबद्दल : मिनेसोटात पंधराव्या वर्षी परमिट आणि सोळाव्या वर्षी तात्पुरते लायसन्स मिळते. त्याआधी पालकांनी सोबत बसून ५० तास गाडी चालवून घ्यायची असते, त्यातले १५ रात्रीचे. पालकांनी ठरलेला वर्ग केला असेल तर ४० पुरतात. हे तास कागदावर भरणे सोपे असते आणि काही जण तसेच भरतात, हे आपल्याला माहीत आहे. लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने मध्यरात्री ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही आणि घरचे सोडून विशीच्या आतला एकच मित्र बरोबर घ्यायचा. पोरे याला छळ म्हणतात. पण नव्या ड्रायव्हरच्या गाडीत मित्र वाढले की धोका वाढतो, हे देशभरातल्या आकडेवारीत वारंवार दिसले आहे, म्हणून तो नियम आहे. गरबा किंवा गणपतीच्या प्रॅक्टिसनंतर "मी सगळ्यांना सोडतो" म्हणणारा सोळा वर्षांचा मुलगा कायदा मोडतो आहे, एवढे पालकांनी लक्षात ठेवावे.

आता आपल्या कार्यक्रमांविषयी. आपण ज्या शाळेचा हॉल घेतो तिथले पार्किंग भरले की गाड्या रस्त्यापलीकडे लागतात. कार्यक्रम रात्री दहाला सुटतो, गडद रंगाचे कोट घातलेले आजी-आजोबा अंधारात रस्ता ओलांडतात, आणि तो रस्ता ४५ मैलांचा आहे. तिथे क्रॉसिंग किंवा दिवा मिळावा म्हणून आम्ही शहराच्या कार्यालयात चौकशी केली, तेव्हा कळले की रस्ता शहराचा नाहीच, काउंटीचा आहे. ही ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेची पाटी : पिवळ्या आकड्यांची निळी पंचकोनी पाटी असेल तर तो काउंटीचा रस्ता. आता अर्ज काउंटीच्या इंजिनियरकडे गेला आहे. अर्जात किती माणसे, कोणत्या तारखांना, किती वाजता रस्ता ओलांडतात हे लिहिले तर त्याचा उपयोग होतो, म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाला दारापाशी दोन स्वयंसेवक मोजणी करतील. तेच दोघे पिवळी जॅकेटे घालून आणि टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे राहतील. त्यांच्याखेरीज आणखी चार जण हवे आहेत. नावे कार्यकारिणीकडे द्यावीत. जॅकेटे मंडळाकडे आहेत.